तुलना करण्याआधी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. उत्तरापुढे एकक लिहिलं नसेल तर ते गुण देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. नुसता 'साठ' काय सांगतो? साठ मीटर, साठ सेकंद, की साठ व्होल्ट? माझा आजचा विषय या आग्रहाच्या फार जवळचा आहे. संगणकाच्या आत दोन आकड्यांची तुलना होते आणि उत्तर चुकतं. आकडे बरोबर असतात, 'पेक्षा लहान'चं चिन्ह बरोबर असतं, तरी चुकतं. असं का होतं, वायरलेसच्या कोडमध्येच ते इतकं का होतं, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला आज मांडायचं आहे.

इथे प्रोग्रामर थोडे असतील, पण वाय-फाय नसलेला फोन किती जणांच्या खिशात आहे? तेव्हा विषय सगळ्यांचाच आहे.

आधी खिशातल्या त्या फोनचं पाहू. आपण त्याला हातही लावलेला नसतो, तरी तो आसपासच्या राउटरांचं ऐकत असतो. प्रत्येक राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, एक छोटा संदेश हवेत सोडतो. त्याला बीकन म्हणतात. माझं नाव हे, माझा चॅनेल हा, मला अमुक वेग जमतो, अशी माहिती त्यात तुकड्यातुकड्यांनी भरलेली असते. प्रत्येक तुकड्याची रचना ठरलेली असते: पहिला बाइट तुकड्याचा प्रकार सांगतो, दुसरा बाइट लांबी सांगतो, आणि मग तेवढे बाइट मजकूर. लांबीला एकच बाइट, म्हणून ती ० ते २५५. नेटवर्कच्या नावाला, ज्याला आपण एसएसआयडी म्हणतो, जास्तीत जास्त ३२ बाइट.

आता यातली गंभीर गोष्ट लक्षात घ्या. ही लांबी कोण सांगतो? समोरचा. तो कोण आहे हे फोनला माहीत असतं का? नसतं. पासवर्ड विचारण्याच्या कितीतरी आधी, कुणाशीही ओळख पटण्याच्या आधी, फोनला हा मजकूर वाचावा लागतो. वाचल्याशिवाय यादीत नाव दिसणार कसं? म्हणजे अनोळखी माणसाने सांगितलेल्या लांबीवर विसंबून स्मृतीत बाइट उतरवायचे, आणि मध्ये संरक्षण काय, तर एक तुलना. 'लांबी मर्यादेपेक्षा मोठी आहे का?' एवढा एक प्रश्न. तो प्रश्न चुकला तर पुढे दुसरं दार नाही.

ती तुलना मुळात लिहिलेलीच नसणं हा एक प्रकार. २०१९ मध्ये रिअलटेकच्या चिपसाठी असलेल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये असं सापडलं. वाय-फाय डायरेक्टमध्ये, म्हणजे उपकरणं राउटरशिवाय थेट जोडली जातात तिथे, समोरचं उपकरण आपण केव्हा केव्हा गैरहजर असू याच्या नोंदी पाठवतं. ड्रायव्हरमध्ये जागा दोन नोंदींची, आणि आलेल्या नोंदी दोनपेक्षा जास्त आहेत का हे कुणी विचारतच नव्हतं. विचारणारी ओळ घातली आणि प्रश्न मिटला. अशी चूक दिसली की कळते. मला जास्त बोलायचं आहे ते न दिसणाऱ्या चुकीबद्दल, जिथे तुलना लिहिलेली आहे, डोळ्यांना ती बरोबर वाटते, आणि तरी ती काम करत नाही.

त्यासाठी सिग्नलच्या ताकदीकडे येऊ. ती डीबीएममध्ये मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. फोनपर्यंत पोहोचणारा सिग्नल त्याहून फार क्षीण असतो, म्हणून आकडा उणे. उणे ६० डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटचा दहा लाखावा भाग, आणि तेवढ्यावर वाय-फाय उत्तम चालतं. उणे ८० झालं की अडखळायला लागतं. म्हणजे इथे उणे आकडा हीच रोजची स्थिती आहे. आता समजा, कुणी हा आकडा आठ बिटांच्या बिनचिन्ही खणात ठेवला. बिनचिन्ही म्हणजे ज्यात उणे असा प्रकारच नाही, फक्त ० ते २५५. त्या खणात उणे ६०चे होतात १९६, आणि उणे ८०चे होतात १७६.

मग सगळं लगेच कोसळतं का? नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. १९६ हे १७६ पेक्षा मोठेच आहेत. राउटरांची यादी ताकदीप्रमाणे लावली तर क्रम बरोबर येतो. चाचणी करणारा पाहतो: जवळचा राउटर वर, लांबचा खाली. छान. तो समाधानाने पुढे जातो. पण कोडमध्ये दुसरीकडे एक ओळ असते: सिग्नल उणे ७५ पेक्षा कमी झाला तर दुसरा राउटर शोधा. १७६ हे उणे ७५ पेक्षा कमी आहेत का? नाहीत. १५० आहेत का? नाहीत. शून्यसुद्धा उणे ७५ पेक्षा कमी नाही. ही अट कधीच खरी होणार नाही. कधीच नाही. फोन मेलेल्या सिग्नलला चिकटून राहील, शेजारच्या खोलीत उत्तम राउटर असताना. आणि घरातली माणसं म्हणतील, आमच्याकडे रेंजच येत नाही. कोडमध्ये अट लिहिलेली आहे, वाचणाऱ्याला ती दिसते, आणि ती जन्मापासून निकामी आहे.

याची दुसरी बाजू याहून वाईट. तिथे खण लहान नाही, चांगला ३२ बिटांचा आहे. लिनक्समध्ये एक जुनी रीत आहे: एखादं काम जमलं तर लांबी परत द्यायची, जमलं नाही तर उणे आकडा परत द्यायचा. उणे २२ म्हणजे दिलेली माहिती अयोग्य. वायरलेसच्या साध्या फ्रेमचं, म्हणजे हवेतून येणाऱ्या एका संदेशाचं, शीर्षक २४ बाइटांचं असतं. म्हणून प्रोग्रामर लिहितो: आलेली लांबी शीर्षकाच्या आकारापेक्षा कमी असेल तर फ्रेम टाकून द्या. आता लांबीच्या जागी उणे २२ आले. उणे २२ हे २४ पेक्षा लहान का? शाळेतला मुलगा सांगेल, लहान. सी भाषा सांगते, नाही!

का? कारण 'आकार' देणारी क्रिया सीमध्ये बिनचिन्ही आकडा देते, आणि एक बाजू सचिन्ह, म्हणजे उणे आकडा चालणारी, व दुसरी तितक्याच किंवा जास्त रुंदीची बिनचिन्ही असेल, तर तुलनेआधी सचिन्ह बाजू गुपचूप बिनचिन्ही केली जाते. ३२ बिटांच्या यंत्रावर उणे २२चे होतात ४,२९,४९,६७,२७४. चार अब्जांहून मोठी लांबी! ती २४ पेक्षा लहान नाही, म्हणून पहारा तिला आत सोडतो. ज्या ओळीने अडवायचं, तीच ओळ वाट मोकळी करून देते.

हा नियम आला कुठून? सी भाषा बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत तिचं प्रमाणीकरण झालं, तेव्हा या प्रश्नावर दोन मतं होती. लहान बिनचिन्ही आकडा मोठा करताना त्याचं बिनचिन्हीपण जपायचं, की त्याची किंमत जपायची? समितीने किंमत जपण्याच्या बाजूने कौल दिला. म्हणून आज आठ किंवा सोळा बिटांचा बिनचिन्ही आकडा तुलनेत उतरण्याआधी साधा सचिन्ह आकडा होतो, आणि ३२ बिटांचा बिनचिन्हीच राहतो. निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण परिणाम पाहा. कुणी एका व्हेरिएबलचा खण आठ बिटांवरून बत्तीस बिटांचा केला, 'मोठाच तर केला, बिघडणार काय' असं म्हणून, तर दहा ओळी खालच्या तुलनेचा अर्थ बदलतो, आणि ती ओळ कुणी शिवलेलीही नसते.

आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या कितीतरी तुकड्यांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वरून ही भाषा शिकली. लूप शिकले, पॉइंटर शिकले. पॉइंटरची धास्ती तर प्रत्येकाला असते. पण सचिन्ह 'इंट' आणि बिनचिन्ही 'अनसाइन्ड' एकमेकांसमोर उभे राहिले की काय होतं, याची धास्ती किती जणांना असते? परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न म्हणून ते येतं आणि विसरलं जातं. मला ते दुःखद वाटतं, कारण नोकरीत गेल्यावर पॉइंटरची चूक पहिल्याच दिवशी कोसळून दिसते, आणि ही चूक वर्षानुवर्षं शांत बसते.

किती वर्षं? एक खरं प्रकरण जवळून पाहू. एकच राउटर अनेक नेटवर्कं चालवतो: घराचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. प्रत्येकासाठी वेगळा बीकन सोडण्याऐवजी सगळ्यांची माहिती एकाच बीकनमध्ये भरायची सोय वाय-फायच्या मानकात आहे. लिनक्सच्या २०१९च्या ५.१ या आवृत्तीत ही सोय वाचणारा कोड आला. त्यातल्या एका फंक्शनचं काम असं: बीकनमधले तुकडे नव्या जागी उतरवायचे, मात्र हा अनेक-नेटवर्कांचा तुकडा वगळायचा. वगळायचा म्हणजे त्याच्या लांबीत २ मिळवायचे, एक बाइट प्रकाराचा आणि एक लांबीचा, तेवढं पुढे जायचं, आणि तिथून पुढचं उतरवायचं. ही ओळ कुणाला चूक वाटेल? लांबी अधिक दोन. यात चुकण्यासारखं काय आहे?

उत्तर ज्या खणात ठेवलं, तो खण आठ बिटांचा होता.

लांबी १०० असेल तर १०२, ठीक. २०० असेल तर २०२, ठीक. आणि २५४ असेल तर? २५६ व्हायला हवेत. आठ बिटांत २५६ मावत नाहीत. खणात उरतं शून्य. म्हणजे तुकडा वगळून पुढे जायचं होतं, तिथे फंक्शन जागचं हललंच नाही. तुकड्याच्या सुरुवातीपासूनच उतरवायला लागलं. जागा मात्र तुकडा वगळल्याचा हिशेब करून घेतलेली. २५६ बाइट जास्तीचे, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मृतीत, दुसऱ्याच्या जागेवर. आणि ते बाइट कोणते? हवेतून आलेले, पाठवणाऱ्याने निवडलेले.

डार्मश्टाट तंत्र विद्यापीठातल्या एका संशोधकाने ही गोष्ट कळवली, लिनक्सच्या वायरलेस विभागाची देखरेख करणाऱ्या योहानेस बेर्ग यांनी दुरुस्ती लिहिली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती जाहीर झाली. शोध घेताना त्याच भागात आणखी दोषही निघाले. एकूण पाच दोषांना सुरक्षादोषांच्या सीव्हीई या यादीतले क्रमांक मिळाले. आपण पाहिला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२२-४१६७४. ज्या चिपला ही अनेक-नेटवर्कांची सोय वापरता येते, ती असलेल्या यंत्राला नुसतं ऐकत असणं पुरेसं होतं. जोडलं जाण्याची गरज नाही, पासवर्डची गरज नाही.

आणि दुरुस्ती किती मोठी? एक शब्द. आठ बिटांचं 'यू-एट' होतं, तिथे रुंद खणाचं 'साइझ-टी' लिहिलं. बेरीज तशीच राहिली, तुलना तशीच राहिली, उतरवायची ओळ तशीच राहिली. तीन वर्षांहून अधिक काळ हा कोड जगभर चालत होता, जाणत्या माणसांनी तो वाचलेला होता. एका शब्दाची दुरुस्ती पाहून कुणी म्हणेल, एवढंच? मी म्हणेन, तो शब्द योग्य जागी ठेवायला संपूर्ण फंक्शनचा हिशेब समजावा लागतो. ही क्षुल्लक कामं नव्हेत. यांचा मान आपण राखला पाहिजे.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडत होती. सीमधला 'कॅर' हा अक्षराचा प्रकार सचिन्ह की बिनचिन्ही, हे भाषेने ठरवलेलंच नाही. इंटेलच्या यंत्रावर तो सचिन्ह, एआरएमच्या यंत्रावर बिनचिन्ही. म्हणजे तोच कोड लॅपटॉपवर एक उत्तर देतो आणि राउटरवर दुसरं! कर्नलचे एक विकसक जेसन डोनेनफेल्ड यांनी असा प्रस्ताव आणला की लिनक्स कर्नलमध्ये हा प्रकार सगळीकडे बिनचिन्हीच धरावा. त्यासाठी कोड चाळायला घेतल्यावर वायरलेसचे ड्रायव्हर पुढे आले. रालिंकच्या चिपचा ड्रायव्हर काही ठिकाणी 'कॅर' उणे आकड्यांसाठी वापरत होता, काही ठिकाणी बिनचिन्ही आकड्यांसाठी, तर काही ठिकाणी नुसत्या हो-नाहीसाठी. सिस्कोच्या जुन्या एअरोनेट कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये वेगळंच: किल्लीची अक्षरं आकड्यांत बदलणारं फंक्शन चुकीच्या अक्षराला उणे एक परत देतं, आणि ते न तपासता तसंच किल्लीत जाऊन बसत होतं. दुरुस्ती करताना प्रत्येक जागी एकेक प्रश्न विचारला गेला. हा आकडा उणे होऊ शकतो का? मग तसं स्पष्ट लिहा. होऊ शकत नाही? मग तसं लिहा. २०२३च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये हा नियम आहे.

आता थोडं फिरणाऱ्या आकड्यांबद्दल. वायरलेसच्या प्रत्येक फ्रेमला बारा बिटांचा क्रमांक असतो, ० ते ४०९५, आणि ४०९५ नंतर पुन्हा ०. फ्रेम उलटसुलट क्रमाने आल्या तर त्या लावून घ्याव्या लागतात. मग सांगा, ४०९० आधीचा की ३? साधी तुलना म्हणेल ३ आधीचा, कारण लहान. पण घड्याळात बारानंतर एक येतो तेव्हा एक लहान म्हणून तो आधी, असं आपण म्हणतो का? लिनक्समध्ये यासाठी दोन क्रमांकांची वजाबाकी करतात, बारा बिट ठेवून बाकीचे टाकतात, आणि उरलेलं अंतर अर्ध्या फेरीपेक्षा, २०४८ पेक्षा, जास्त आहे का ते पाहतात. ४०९० वजा ३ म्हणजे ४०८७, अर्ध्या फेरीहून जास्त. म्हणून ४०९० आधीचा.

कर्नलचा वेळ मोजणारा आकडाही असाच फिरतो. तिथे कर्नलच्या लोकांनी जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तो आकडा शून्यापासून सुरू व्हावा असं आपल्याला वाटेल. त्यांनी तो मुद्दाम असा सुरू केला, की यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांत ३२ बिटांची फेरी पूर्ण होते. सेकंदाला हजार ठोक्यांच्या हिशेबाने ती फेरी एरवी ४९ दिवसांहून जास्त घेईल. इतके दिवस कोण चाचणी करत बसणार? म्हणून वेळेची चुकीची तुलना ज्याने लिहिली असेल, त्याला ती पाच मिनिटांत, त्याच्याच टेबलावर दिसावी, ही व्यवस्था.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर अशा तुलनांवर इशारा देऊ शकतो. मग इशारा आल्यावर आपण काय करतो? दहातले बरेच जण कास्ट टाकतात. एका बाजूला कंसात प्रकार लिहिला, इशारा गेला, काम झालं. काय झालं? काहीच झालं नाही! उणे २२ अजूनही येणारच आहेत. फक्त त्यांच्याबद्दल सांगणारा आवाज बंद केला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सचिन्ह-बिनचिन्ही तुलनेच्या इशाऱ्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. कर्नलच्या नेहमीच्या बांधणीत तो बंदच असतो. त्यांचं म्हणणं असं, की बहुतेक वेळा तो निरुपद्रवी जागी ओरडतो, आणि त्याला गप्प करायला टाकलेले कास्ट खऱ्या चुका झाकतात. दुसऱ्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्या भागाशी नाही, निदान वायरलेसपुरता नाही. जिथे लांबी अनोळखी माणूस सांगतो, तिथे शंभर निरुपद्रवी जागा तपासून एक सापडली तरी ते श्रम सार्थकी लागले.

कास्टचं आणखी एक रूप आहे, ते फार सभ्य दिसतं. दोन आकड्यांतला लहान निवडणारं 'मिन' हे मॅक्रो कर्नलमध्ये बरीच वर्षं कडक होतं: दोन्ही बाजूंचा प्रकार तंतोतंत एक नसेल तर ते तक्रार करायचं. त्यातून सुटायला 'मिन-टी' होतं; त्यात प्रकार आपण सांगायचा आणि दोन्ही आकडे आधी त्यात कोंबले जायचे. वायरलेसच्या ड्रायव्हरांमध्ये अशा कितीतरी दुरुस्त्या झाल्या. तक्रार आली की 'मिन'चं 'मिन-टी' करा. पण प्रकार कोणता सांगितला? आठ बिटांचा सांगितला आणि लांबी २६० असेल, तर तुलनेत उतरतात ४. 'इंट' सांगितला आणि लांबी बिनचिन्ही चार अब्जांच्या वरची असेल, तर तिचे होतात उणे काहीतरी. उणे आकडा ३२ पेक्षा लहान, म्हणून 'लहान' म्हणून तोच निवडला जातो, आणि पुढे बाइट उतरवणाऱ्या फंक्शनला तो पुन्हा अवाढव्य आकडा म्हणून मिळतो. मर्यादा घालण्यासाठी लिहिलेली ओळ मर्यादाच काढून टाकते. २०२३च्या अखेरीस 'मिन' सैल केलं गेलं, ते विचारपूर्वक: आता रुंदी वेगळी चालते, पण सचिन्ह आणि बिनचिन्ही समोरासमोर आले तर ते अजूनही अडवतं. नको तिथे ओरडणं कमी झालं, हवं तिथे राहिलं.

म्हणून माझा आग्रह असा आहे. दुरुस्ती तुलनेच्या ओळीवर सुरू करू नका. आकडा जिथे जन्मतो तिथे जा. तो हवेतून आला, की चिपने दिला, की आपल्याच फंक्शनने परत दिला? तो उणे होऊ शकतो का? होऊ शकत असेल तर आधी तेवढंच विचारा, 'शून्यापेक्षा लहान आहे का', आणि असेल तर तिथेच परत फिरा. त्यानंतरच आकाराशी तुलना करा. वजाबाकीची तुलना असेल, 'लांबी वजा दोन' अशी, तर ती बेरजेची करून घ्या. लांबी दोनपेक्षा कमी असली तर वजाबाकी उलटी फिरते. बेरीज रुंद खणात केली तर फिरत नाही. आणि बदलाबरोबरच्या टिपणात नुसतं 'इशारा घालवला' असं लिहू नका. कोणता आकडा, कुठून येतो, कितीपर्यंत जाऊ शकतो, हे लिहा. २०२२च्या त्या दुरुस्तीबरोबरचं टिपण काही ओळींचंच आहे: लांबी अधिक दोन ही बेरीज ठीक दिसते, पण खण आठ बिटांचा आहे, म्हणून ती उलटू शकते, आणि त्याचा परिणाम अमुक. ते वाचलं की चूक आपल्याला पुन्हा शोधावी लागत नाही.

इथे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी बसले आहेत, म्हणून एक सांगतो. लिनक्स कर्नलचा कोड सर्वांना खुला आहे. वायरलेसचा एखादा जुना ड्रायव्हर निवडा, फक्त त्याच्यासाठी हे इशारे चालू करून बांधणी करा, आणि येणाऱ्या प्रत्येक इशाऱ्यासमोर तो आकडा कुठून आला ते वहीत लिहा. बहुतेक ठिकाणी काहीच बिघडलेलं नसेल. जिथे बिघडलेलं असेल तिथे दुरुस्ती पाठवा. ती तिथली माणसं वाचतात आणि उत्तरही देतात.

घरी गेल्यावर बाकीच्यांनीही एक काम करावं. ऑक्टोबर २०२२ची ती दुरुस्ती कर्नलमध्ये आली, पण ती आपल्या भिंतीवरच्या राउटरमध्ये आपोआप पोहोचत नाही. निर्मात्याने नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं आणि आपण ते चढवलं तरच पोहोचते. राउटरच्या सेटिंगमध्ये फर्मवेअरची तारीख लिहिलेली असते. ती पाहा. जुनी असेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं नवं फर्मवेअर आहे का ते शोधा. आणि निर्मात्याने ते काढणंच बंद केलं असेल, तर पुढचा राउटर घेताना दुकानदाराला वेगाच्या आधी हे विचारा, की याला अपडेट किती वर्षं मिळणार.